चाकांवरची वारी

आमच्या आळीतली पाच-सहा तरुण मंडळी दरवर्षी आषाढीपूर्वी सुटी काढून पुण्याहून सायकलींवर पंढरीस जातात. वाट दोनशे किलोमीटरांहून अधिक; हे दोन दिवसांत उरकतात! "महाराज, ही वारी धरायची का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही भर कीर्तनात त्यांची थट्टा केली. श्रोते हसले, आम्हीही सुखावलो.

मागाहून कळले की, दिवे घाटात एकाच्या पायांत गोळे आले, तेव्हा माथ्यावर पोहोचलेले बाकीचे खाली उतरून आले आणि सायकली हातांनी ढकलीत त्याच्या पावलाने चालले.

शास्त्रकार साधन आणि साध्य असा भेद करतात. पाय की चाके, हा साधनाचा वाद. पण दिंडीत विण्याला मागे टाकून कोणी पुढे जात नाही, ते कशासाठी? हे आम्ही चाळीस वर्षे लोकांस सांगत आलो. आणि गेल्या वारीत गुडघा धरला म्हणून वेळापुराहून मोटारीत बसलो, तेव्हा आमचा म्हातारा विणेकरी रस्त्याच्या कडेने लंगडत चालला होता. गाडीत जागा होती. आम्ही थांबा म्हटले नाही.

यंदा पोरांनी तोच प्रश्न पुन्हा घातला. म्हटले, बाबांनो, दोन दिवस द्या. आधी त्या विणेकऱ्याच्या घरी जाऊन येतो.