घोळणा फुटतो तेव्हा

दिवस राहिल्याचं तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी आपल्याकडे अनेक घरांत रीत आहे. नेमक्या त्याच आठवड्यांत बाईला सगळ्यात मोठी धास्ती असते ती रक्ताची. आणि सकाळी तोंड धुताना बेसिनमध्ये लाल थेंब पडतो, तो नाकातून. घोळणा फुटलेला असतो. काळजाचं पाणी होतं, आणि विचारायचं कुणाला, तर गुपित फुटायला नको.

शरीर मात्र गुपिताची वाट पाहत नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारासच रक्तातला द्रव वाढू लागतो आणि दिवस भरत येईपर्यंत रक्ताचं एकूण प्रमाण जवळजवळ दीडपट होतं. गर्भाला पोसायचं असतं. शिवाय बाळंतपणात अर्ध्या लिटरपर्यंत रक्त जाऊ शकतं, त्याची तजवीजही हीच. तांबड्या पेशी त्या वेगानं वाढत नाहीत, म्हणून रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिनचा आकडा खाली येतो. संप्रेरकांमुळे नाकाचं अस्तर फुगतं, त्यातल्या बारीक वाहिन्या रुंदावतात. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागात अनेक रोहिण्यांच्या फांद्या एकमेकींत गुंततात. कीसलबाख या जर्मन वैद्याच्या नावानं ओळखलं जाणारं हे जाळं अगदी वरवर असतं. कोरडी हवा किंवा जोरात नाक शिंकरणं एवढंही त्याला पुरतं.

जुन्यांनी हे रक्त पाहिलं होतं. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत पाळी थांबलेल्या बाईच्या नाकातून रक्त येणं हे चांगलं लक्षण मानलं आहे. चरकानं रक्तपित्ताचे, म्हणजे रक्तस्रावाच्या विकाराचे, मार्ग सांगताना वरच्या वाटेनं जाणारं रक्त साध्य, म्हणजे बरं होण्याजोगं, ठरवलं. कारणमीमांसा आज टिकणारी नाही, पण त्या रक्ताला घाबरून न जाता त्याच्याकडे नीट पाहण्याची ही वृत्ती मला मोलाची वाटते. आपल्या घरांत ती कमी पडते. घोळणा फुटला की डोकं मागे टाकायला लावतात, टाळूवर पाणी थापतात, कांदा हुंगायला देतात. मान मागे टाकली की रक्त घशातून पोटात उतरतं आणि आधीच मळमळणाऱ्या बाईला उलटी होते.

ताठ बसावं, किंचित पुढे वाकावं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून तोंडानं श्वास घ्यावा. दहा-पंधरा मिनिटं चिमूट सोडून बघू नये. अर्ध्या तासात रक्त थांबलं नाही, फार वाहिलं, हिरड्यांतूनही येऊ लागलं, अंगावर काळे-निळे डाग दिसले किंवा रक्तदाब वाढलेला असला, तर थेट दवाखाना गाठावा. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मनानं बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. बाकी जगाला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा; पण घोळणा फुटल्याचं पुढच्या तपासणीत सांगायला विसरू नका.