तळव्यावरचा तीळ

तात्यांच्या मानेवर हरभऱ्याएवढी चामखीळ होती. मुलीचं लग्न ठरलं, तशी ती त्यांना फारच खुपू लागली. घोड्याचा केस बांधून झाला. मग आठवडी बाजारातल्या वैदूने चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावला. कातडी भाजली, आठ दिवस मान वळेना, आणि चामखीळ पुन्हा उगवली. तिच्या मुळाशी विषाणू असतो, त्याला सोड्याचं काय! वैदू तळव्याच्या तिळालाही चुना लावणार होता, पण तात्यांनी पाय मागे घेतला. “भाग्याला हात नको लावू.”

शेवटी आक्कांनी त्यांना तालुक्याला त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“बधिर करून मशीनने जाळते, पाच मिनिटांचं काम,” बाई म्हणाल्या. “अंगावर आणखी कुठे काही?”

“तळव्याला तीळ आहे की! परदेशप्रवासाचा योग. आधी मसुराएवढा होता, दोन वर्षांत चांगला वाढलाय,” तात्या खुशीत म्हणाले.

बाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. कडा वेड्यावाकड्या, एकीकडे तपकिरी, दुसरीकडे काळाकुट्ट.

“मग तोही जाळा. एका खर्चात दोन्ही.”

“चामखीळ ओळखता येते, म्हणून जाळते. याचं तसं नाही. जाळला तर तपासायला काय पाठवू, राख?”

तात्यांना हा बिल वाढवायचा डाव वाटला. आक्काच म्हणाल्या, “परदेशी जायचंय ना? मग आधी तपासणी होतेच.”

तीळ कापून फॉर्मॅलिनच्या बाटलीतून लॅबला गेला. रिपोर्ट आला: मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग. जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी, हेच नशीब. प्रवासाचा योग मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयापर्यंतच होता. तिथे भोवतालची सेंटीमीटरभर कातडी काढून मांडीची लावली.

हा रोग आपल्याकडे तसा विरळा. पण सावळ्या माणसाला तो झालाच, तर बऱ्याचदा तळव्याला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, म्हणजे जिथे कुणी बघत नाही. गायक बॉब मार्ली यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९८१ मध्ये ते गेले तेव्हा वय होतं ३६.

टाके काढताना आक्कांनी विचारलं, “त्या वैदूने चुना लावला असता तर?”

“वरचा काळा रंग गेला असता. तात्या बरं वाटलं म्हणून घरी बसले असते, आणि रोग आत वाढला असता.”

तात्या काही बोलले नाहीत. तीळ वाचला होता तो भविष्यावरच्या विश्वासाने, शहाणपणाने नव्हे, हे त्यांना उमगलं असावं.

तुमच्याही अंगावरचा एखादा तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल, तर तो जाळू देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि कापून काढलाच तर तुकड्याचा रिपोर्ट स्वतः मागून घ्या.