रविवार कामगाराचाच

मी माळकरी आहे. आळंदीला आईने गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून मांस-मासे वर्ज्य आहेत आणि एकादशी चुकत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी मासे खाणाऱ्याची बाजू घेणार आहे.

डोंबिवली पूर्वेला आमच्या शेजारी एक आगरी कुटुंब राहतं. त्यांचा मुलगा बी.कॉम. झाला, टॅली शिकला आणि ठाण्यातल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखतीला गेला. जीएसटी रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन, सगळं विचारून झालं आणि उत्तरंही बरोबर आली. मग मालकांनी विचारलं, "घरी नॉनव्हेज चालतं का?" बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी चालतं, असं त्याने खरं ते सांगितलं. ऑफिसात डबा शाकाहारीच आणेन, हेही सांगितलं. "कळवतो" म्हणाले, पण कळवलं नाही. ज्यांच्या ओळखीने तो गेला होता, त्यांच्याकडून नंतर समजलं की तिथे "घरी खाणारे" घेतच नाहीत. संध्याकाळी जिन्यात भेटला तेव्हा त्याने मला विचारलं, "काकू, खोटं बोलायला हवं होतं का?"

नोकरी गेली यापेक्षा त्याला हा प्रश्न पडला, याचं मला जास्त वाईट वाटतं. धर्माची चाड म्हणून मालक हे विचारतात, आणि त्यातून खोटं बोलणारा आत जातो, खरं बोलणारा बाहेर राहतो. याला मी धर्म म्हणू शकत नाही.

माळेचं मोल ती आपण होऊन घालण्यात आहे. पगार तुटेल म्हणून मासे सोडलेल्या माणसाने व्रत घेतलेलं नसतं, त्याने फक्त धाक पाळलेला असतो. सावता माळी मळ्यात, गोरा कुंभार चाकावर, सेना न्हावी धोकटी घेऊन; वारकरी परंपरेने भक्ती आणि काम एकत्र नांदवलं, पण एकाची भक्ती दुसऱ्याने मजुरीच्या बदल्यात विकत घ्यावी, असं कुठल्या संताने शिकवल्याचं मला माहीत नाही.

मी निवृत्त होईपर्यंत वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात होते. भरतीचे अर्ज माझ्या टेबलावरून जायचे. शिक्षण, अनुभव, ईएसआय नंबर, डॉक्टरांचा दाखला, आधीचं ठिकाण का सोडलं, एवढं त्यात असे. कोण काय खातो, हा रकाना नव्हता. ताटाची चौकशी न करताही आम्हाला माणसं पारखता येत होती.

नारायण मेघाजी लोखंडे 1848 साली आमच्या ठाण्यातच जन्मले. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी त्यांनी रविवारची सुटी मागितली, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार आहे, हे एक कारण दिलं होतं. कामगाराला स्वतःच्या देवासाठी, घरासाठी आणि समाजासाठी एक दिवस हवा, असं ते मागणं होतं. 1890 साली ते मान्य झालं. भोंगा झाल्यावर आणि सुटीच्या दिवशी माणूस मालकाचा नसतो, हा हक्क तेव्हापासून आपल्या हाती आहे. रविवारी तुझ्या घरी काय शिजतं, असं विचारणारा मालक तोच दिवस परत मागतो आहे.

गिरण्यांमध्ये शुद्धतेचा असा हिशेब पूर्वी झालेला आहे. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, आणि पगार तर त्याच खात्यात चांगला. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. पुढे 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी दाखवलं, की बेकाराला नोकरीच्या बदल्यात बोलण्याचा, संघटनेचा, धर्माचा हक्क सोडायला सांगितलं, तर तो काय करेल हे उघड आहे. उपाशी माणसाकडून मिळवलेली संमती ही संमती नव्हे. आजही नोकरीत समान संधी देणारं राज्यघटनेचं 16 वं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी मालकाने ताटावरून माणूस नाकारला, तर त्याला थेट अडवणारा कायदा नाही.

मालकालाही श्रद्धा असते, हे मला मान्य आहे. त्याच्या कार्यालयात सामिष डबा नको असेल, तर तो नियम त्याने जरूर करावा. डोंबिवली एमआयडीसीतल्या रसायनाच्या कारखान्यात काडेपेटी गेटवर काढून घेतलीच पाहिजे, आणि दारू पिऊन पाळीवर आलेल्याला परत पाठवलंच पाहिजे. 23 मे 2024 चा रिअॅक्टरचा स्फोट आम्ही इथे राहून अनुभवला आहे. पण ही काळजी कामाची, कामाच्या वेळेची आणि कामाच्या जागेची आहे. तिथून पुढे कामगाराचा उंबरठा लागतो.

चांगल्या हेतूनेही तो उंबरठा ओलांडू नये. हेन्री फोर्डने 1914 साली दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि सोबत कामगारांच्या घरी तपासनीस पाठवले. कोण पितो, कोण पैसे साठवतो, घर कसं ठेवतो, याच्या नोंदी होऊ लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 पासून धूम्रपान करणाऱ्यांना नोकरीत घेणं बंद केलं. तंबाखू वाईटच, पण नोकरी नाकारून ती सुटत नाही, त्या घराची चूल तेवढी विझते.

न्यायालयाने हा उंबरठा एकदा राखला आहे. मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंगच्या कामावरच्या मुलींची नोकरी लग्न होताच संपे. विवाहित बायका जास्त रजा घेतात, हे कंपनीचं कारण. बॉम्बे लेबर युनियन लढली आणि 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. लग्न करणं न करणं हा त्या मुलींचा प्रश्न होता. ताटाचंही तेच आहे.

वागळे इस्टेटपासून अंबरनाथपर्यंत ज्यांच्या हाती भरती आहे, त्या माझ्या माळकरी, जैन, वैष्णव आणि इतर सगळ्या बंधुभगिनींना माझी विनंती आहे: घरी काय खाता, हा प्रश्न मुलाखतीतून काढून टाका. आणि आपल्या आमदारांनी खासगी नोकरीतही हा प्रश्न विचारायला बंदी करणारा कायदा विधानसभेत मांडावा.