असली कसली आई

गप्पी मासा आम्हा वरसाव्याकडच्या लोकांना नवा नाही. डासांच्या अळ्या खातो म्हणून मलेरियावाले तो विहिरीत सोडतात. काचेच्या पेटीत मात्र त्याचं वेगळंच रूप दिसतं.

गप्पी अंडी घालत नाही, जितं पिल्लू देते. साधारण चार आठवडे पोटात वागवते. शेपटीकडचा पोटावरचा डाग काळा पडला, पोट चौकोनी दिसू लागलं की दिवस भरले समजायचं. एका वेळी वीस-तीस पिल्लं, कधी जास्तही. नराचं बीज ती महिनोन्महिने अंगात सांभाळते. नर काढला तरी पुन्हा विते. आणि एवढं करून बाळंतीण वळते ती पिल्लांच्याच मागं!

सून म्हणाली, "असली कसली आई!" मला तो शब्द लागला. विहिरीत हीच खादाड आपल्याला पुण्यवान वाटते. हलेल ते गिळते म्हणून तर तिला आणली. अळी कुठली, पिल्लू कुठलं, हे तिनं कसं ओळखावं? विहिरीत शेवाळ असतं, कपारी असतात, पिल्लू लपतं. पेटीत चार कोपरे, तेही उघडे. पेटी बांधली आपण, मग पाप तिच्या खात्यावर कसं मांडायचं?

काहीजण पोटुशीला जाळीच्या डब्यात कोंडतात. मला पटत नाही, ती बिचकते. त्यापेक्षा पाणवनस्पती दाट लावाव्या, तिला पोटभर घालावं.

जगलेली पिल्लं ओढ्यात सोड, असं शेजारी सांगतात. पण हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्या माशांची पिल्लंही गिळेल. ओळखीत कुणाला पेटीसाठी हवीत का, ते विचारतोय.