स्टेपनी कुठे ठेवायची?

आमच्याकडे एक जुनी, छोटी एसयूव्ही आहे. बाबांनी घेतलेली. त्यांचे गुडघे गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. गाडीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष गाडीचा नाही, माझा आहे. तुम्ही अशा गाड्या पाहिल्या असतीलच. मागचं दार बाजूला उघडतं आणि त्या दारावर स्टेपनी लटकवलेली असते. मधल्या सीटच्या मागे समोरासमोर दोन आडव्या सीटा असतात. त्यांवर गुडघे दुमडून बसायचं, पिशव्या मांडीवर घ्यायच्या आणि वळण आलं की खिडकीची कड धरायची.

त्या मागच्या सीटवर आमच्याकडे नेहमी आत्या बसते. असं कोणी ठरवलेलं नाही. बाबा गाडी चालवायचे, आई पुढे, आम्ही पोरं मध्ये. आत्या मागे, सामानासोबत. मला आठवतंय तेव्हापासून हे असंच आहे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मागच्या दाराने त्रास द्यायला सुरुवात केली. दार उचलून धरल्याशिवाय लागेना आणि खड्ड्यात गाडी गेली की मागून खडखडाट. कराडच्या मिस्त्रींनी दार उघडून दाखवलं. बिजागऱ्या झिजल्या होत्या आणि स्टेपनीच्या ब्रॅकेटभोवती पत्र्याला बारीक तडा गेला होता. पंधरा इंची लोखंडी रिम आणि तिच्यावरचा टायर, मिळून वीस-बावीस किलो तरी होतं. एका कडेने धरलेल्या दारावर हे वजन बाहेरच्या अंगाला लटकतं. गाडी उभी असताना ते वीस किलो असतं, पण खड्ड्यात प्रत्येक हिसक्याला त्याचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. आमच्या पाटणकडच्या रस्त्यांवर अशी पंधरा वर्षं काढल्यावर बिजागरीने तरी काय करावं?

मिस्त्री म्हणाले, "बिजागऱ्या बदलू, आतून प्लेट मारू. पण सामान यायला चार-पाच दिवस लागतील."

दिवाळी दोन दिवसांवर होती. मी म्हटलं, तोवर टपावर टाकू.

"टाकू की. पण ताई, पंक्चर झाल्यावर वरून उतरवणार कोण?"

मी गप्प झाले. गाडीची उंची माझ्या डोक्यापेक्षा जास्त. खंबाटकी घाटात रात्री अकरा वाजता मी बावीस किलोचं चाक टपावरून एकटीने उतरवते आहे, हे चित्र काही डोळ्यांसमोर येईना. गाडीखाली लटकवायचं म्हटलं तर या गाडीत तशी सोयच नव्हती. मग मी तोडगा काढला. मागची एक आडवी सीट वर दुमडायची आणि चाक आत, जमिनीवर आडवं टाकायचं. चार दिवसांचा तर प्रश्न.

आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मी बसते की. पाय ठेवायला बरंच झालं."

भाऊबीजेला आम्ही सगळे साताऱ्याला काकांकडे गेलो. परतताना अंधार झाला. उंब्रज सोडून आत वळलो. कारखाने सुरू झाले होते, रस्त्यावर ऊस पडलेला. एका वळणावर समोर अचानक काळी भिंत उभी राहिली. ट्रॅक्टर, त्यामागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मी कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबली, धडक झाली नाही. मागे मात्र चाक सरकलं आणि मधल्या सीटच्या पाठीवर आदळलं. मध्ये आत्याचा पाय होता.

"काही नाही झालं, चल तू," ती म्हणाली. घरी पोचेपर्यंत घोटा टम्म सुजला होता. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

मी नंतर हिशेब करून पाहिला. न करता राहवेना. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगात असेल आणि धडकेने सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या वीस किलोच्या मोकळ्या वस्तूला तेवढ्याच वेळात थांबवायला सुमारे २८० किलो वजनाएवढा जोर लागतो. तो जोर सीटची पाठ देते किंवा कोणाची तरी पाठ देते. शाळेत शिकलेलं गणित आहे हे. चाक आत टाकताना ते मला येत नव्हतं असं नाही. मी ते मांडलं नाही, एवढंच. दोन पिशव्या अडकवल्या आणि झालं.

त्या सहा आठवड्यांत मी या एका प्रश्नावर इतका विचार केला की भाऊ मला हसायला लागला. पण मला खरंच वाटतं की हा प्रश्न मिस्त्रींपेक्षा आपला जास्त आहे. स्टेपनी म्हणजे माझ्या अडचणीची मी आधीच केलेली तयारी. त्या तयारीला वजन आहे आणि ते कुठेतरी ठेवावंच लागतं. जागा बदलली की ते वजन उचलणारा माणूस बदलतो.

मागच्या दारावर लावलं की मागची काच अर्धी झाकते. मला त्याचा काहीच त्रास नाही, मी पुढे बघून गाडी चालवते. त्रास होऊ शकतो तो गाडीमागे गोट्या खेळणाऱ्या पोराला, कारण रिव्हर्स घेताना ते मला दिसत नाही. भारतात नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे झाले ते जुलै २०१९ पासून. आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची, तिला मागचं काही कळत नाही. शिवाय चाक बंपरच्या बाहेर आलेलं असेल, तर मागे हलकासा धक्का लागला तरी आधी चाक लागतं, आणि बंपरने सोसायचं ते दार आणि काच सोसतात. टपावर टाकलं की गाडीचा तोल वर सरकतो. वळणावर त्याची किंमत आत बसलेले सगळेच मोजतात आणि उतरवताना ज्याच्या अंगात ताकद आहे त्याला हाक मारावी लागते. गाडीखाली लटकवलं की आत जागा राहते, काच मोकळी राहते, सगळं छान. फक्त ते कोणाला दिसत नाही. चिखल खातं, त्याची साखळी गंजते, हवा कधी गेली ते कळत नाही आणि गरज पडते तेव्हा कोणीतरी रस्त्यावर आडवं होऊन ते काढायचं असतं.

गाड्या बनवणाऱ्यांनाही हे सुटलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला मागे उघडणारं फळकुट नव्हतं, त्यामुळे चाक बिनधास्त मागे टांगलेलं असे. युद्ध संपलं, १९४५ मध्ये तीच जीप शेतकऱ्यांसाठी निघाली. शेतकऱ्याला मागून पोती चढवायची होती, म्हणून मागे फळकुट आलं आणि चाकाला तिथून उठून गाडीच्या कुशीला जावं लागलं, चालवणाऱ्याच्या नव्हे तर शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला. १९४८ मध्ये आलेल्या लँड रोव्हरच्या सुरुवातीच्या पिढ्यांत चाक सरळ बॉनेटवर ठेवलेलं दिसतं. मला ती जागा विलक्षण प्रामाणिक वाटते. आपली काळजी आपल्याच डोळ्यांसमोर. बॉनेट उघडायचं तर आधी तिचंच वजन उचला.

आणि आता तर स्टेपनीच जाते आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट गाडीत असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना जादा चाक ठेवणं बंधनकारक राहिलेलं नाही. वजन वाचतं, जागा वाचते. वाईट नाही. पण टायरची बाजूच फाटली तर किटचा उपयोग नसतो. मग तुम्ही फोन करता आणि कोणीतरी अर्ध्या जेवणावरून उठून येतं. म्हणजे स्टेपनी गेली नाही, ती आता दुसऱ्याच्या घरी राहते.

हा शब्दही बघा. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास आरे नसलेलं जादा चाक काढलं, पंक्चर झालेल्या चाकाला जोडायचं. दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून ते 'स्टेपनी' चाक. ते चाक कधीच इतिहासजमा झालं, त्या रस्त्याचं नाव मात्र आपल्या गॅरेजांत अजून रोज घेतलं जातं. आपण त्यात आणखी एका अर्थाची भर घातली. माणसाला, बहुतेक वेळा बाईला, स्टेपनी म्हणायची. तो अर्थ मी इथे उलगडत नाही, तुम्हाला माहीत आहे.

एका लग्नात माझ्या मामांनी हा शब्द आत्यासाठी वापरला होता. घाणेरड्या अर्थाने नाही, कौतुकानेच. "आक्का म्हणजे या घराची स्टेपनी. कोणाचंही चाक बसलं की आक्का हजर." सगळे हसले. आत्याही हसली. मीही हसले, चौदा-पंधरा वर्षांची असेन. खोटं काय होतं त्यात? आईच्या दोन्ही बाळंतपणांना आत्या. काकूच्या ऑपरेशनला आत्या. आजी नऊ वर्षं अंथरुणावर होती, तिचं सगळं आत्याने केलं. तिने लग्न केलं नाही असं आम्ही म्हणतो. तिचं लग्न करायचं राहून गेलं, हे जास्त खरं आहे. ते राहण्यात कोणाकोणाची सोय होती, हे आमच्या घरात कोणी बोलत नाही.

माझ्या डोक्यातून जात नाही ते तिचं वाक्य. अगं, मी बसते की. मी तिला विचारलं होतं, तिने हो म्हटलं होतं. मग माझी चूक कुठे? काही दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. पण मी तिला विचारलं नव्हतंच. चाक कुठे ठेवायचं ते मी ठरवलं, मग तिला कळवलं. आणि समजा विचारलं असतं, तरी चाळीस वर्षं जी बाई मागच्या सीटवर बसते आहे तिच्या होकाराची किंमत मी किती धरायची? ज्याला नाही म्हणायची कधी वेळच आली नाही, त्याच्या होकारावर आपण किती सहज गाडी पुढे काढतो. वहिनीला मागे बसवून तिच्या पायांशी मी चाक टाकलं असतं का? नसतं टाकलं. ती काय म्हणेल याचा मी आधी विचार केला असता. नको असेल तर वहिनी तसं सांगते, आणि हा तिचा गुण आहे हे मला आत्ता कळतंय.

दुसरी बाजूही आहे. आत्याला नुसती बिचारी करून टाकणं हाही अन्यायच आहे. प्लास्टरमध्ये असताना मी एकदा रडत तिची माफी मागायला गेले, तर ती वैतागली. "तुला काय वाटतं, मी सगळं नाइलाजाने केलं? आईचं केलं ते मला करायचं होतं." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "काकूच्या वेळचं मात्र नव्हतं करायचं. तेव्हा माझी शिवणाची परीक्षा होती." ही परीक्षेची गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. बाबांना विचारलं, तर त्यांनाही आठवत नव्हती.

प्लास्टर निघायच्या आत मी गाडी पुन्हा मिस्त्रींकडे नेली. त्यांनी स्टेपनीची हवा तपासली तर निम्मीसुद्धा नव्हती. शेवटची कधी भरली, कोणालाच आठवेना. टायरच्या खाचा नव्यासारख्या, पण कडेच्या रबराला बारीक भेगा. न वापरलेला टायरही म्हातारा होतो, हे मला माहीत नव्हतं. मिस्त्री म्हणाले, चाक पूर्ण मापाचं असेल तर पाचही चाकं फिरवत राहायचं. ठरावीक किलोमीटर झाले की स्टेपनी खाली येते, खालचं एक चाक वर जातं. गाडीच्या पुस्तकात तसं लिहिलेलंही असतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "हो, वाचलं होतं. पण चाललं होतं की सगळं."

स्टेपनी पुन्हा मागच्या दारावरच लावली. नव्या बिजागऱ्या, आतून प्लेट, दार हलू नये म्हणून रबरी ठोकळा, आणि टायरही नवा. काच अर्धी झाकलेलीच आहे. म्हणून चाकाच्या मधोमध कॅमेरा बसवून घेतला, तरी रिव्हर्स घ्यायच्या आधी मी उतरून मागे एक चक्कर मारते. पावसात कंटाळा येतो. दर महिन्याच्या एक तारखेला पाच चाकांची हवा बघायची, असा गजर फोनमध्ये लावला आहे. मार्चमध्ये तो चुकवला.

आत्याला पुढे बसवायचा प्रयत्न केला, पण तिला समोरून येणारे ट्रक बघवत नाहीत. मग तू सांग कुठे बसायचं, असं विचारलं. तिला उत्तर द्यायला दोन दिवस लागले. मधल्या सीटवर, डाव्या खिडकीशी, म्हणाली. कोयनेकडे जाताना नदी त्या बाजूला दिसते म्हणे. आता आडव्या सीटवर भाऊ बसतो. तो सहा फुटांचा आहे, त्याचे गुडघे हनुवटीला लागतात. गेल्या खेपेला पुणं सोडल्यापासून खंबाटकीपर्यंत तो एकसारखा कुरकुरत होता. आत्याने शेवटी मागे वळून त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.