उपकरण आणि परिग्रह

प्रवासाला निघणाऱ्या गृहस्थाने जवळ कोणता कॅमेरा बाळगावा, हा प्रश्न वरवर पाहता दुकानातच सुटणारा, किंमत, वजन आणि सोय या तीन बाबींचा मेळ बसला की निकालात निघणारा वाटतो. परंतु ज्या देशात प्रवासाचे आद्य रूप तीर्थयात्रा हे आहे आणि यात्रेचे प्रयोजन दर्शन हे मानले गेले आहे, त्या देशात डोळा आणि मूर्ती यांच्या मध्ये एखादे यंत्र उभे करावे की नाही, आणि करावयाचे तर ते केवढे असावे, हा विचार धर्मचिंतनाच्या कक्षेत आल्यावाचून राहत नाही. २०२३ साली केदारनाथच्या मंदिरात छायाचित्रणास मनाई झाली, तेव्हा पुष्कळांनी तिच्याकडे बंदोबस्ताची एक बाब म्हणून पाहिले. मला त्या मनाईच्या बुडाशी असलेली शंका अधिक मोलाची वाटते. जे टिपले ते पाहिले, असे म्हणता येईल काय?

या शंकेला लागणारी विचारसामग्री आपल्या नैयायिकांनी फार पूर्वीच सिद्ध करून ठेवली आहे. त्यांच्या मते स्मृती संस्कारापासून उपजते आणि संस्कार अनुभवापासून. म्हणूनच स्मृतीला ते प्रमेच्या पंक्तीत बसवीत नाहीत, कारण तिचा सारा ऐवज अनुभवाकडून उसना आणलेला असतो. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्मृती जागविणाऱ्या निमित्तांची एक लांबलचक यादी आहे, विसांहूनही अधिक निमित्तांची. तिच्या शिरोभागी प्रणिधान आहे, म्हणजे मनाने एका विषयावर बुद्धिपुरःसर स्थिर होणे. पुढे सादृश्य येते, आणि त्याचा दाखला म्हणून भाष्यकार वात्स्यायन नेमके चित्रातल्या देवदत्ताचेच उदाहरण घेतात, ज्याला पाहून खरा देवदत्त आठवतो. सादृश्याला लागूनच परिग्रह येतो. कारण मालमत्ता दिसली की मालक आठवतो, आणि मालक दिसला की मालमत्ता. कॅमेऱ्याविषयीचा सारा वाद या तीन निमित्तांत सामावलेला आहे, असे मी मानतो. चित्रातला देवदत्त आठवण देतो तो ज्याने देवदत्ताला पाहिले असेल त्यालाच. ज्याने प्रणिधानाने काही पाहिलेच नाही, त्याच्या संग्रही शेकडो छायाचित्रे असली तरी ती त्याला वस्तूची आठवण देत नाहीत, केवळ आपल्या मालकीची आठवण देतात.

आधुनिक मानसशास्त्राचा पुरावा याच दिशेने जातो. लिंडा हेन्केल या अमेरिकन संशोधिकेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत संग्रहालयातील काही वस्तूंचे विद्यार्थ्यांना छायाचित्र घ्यावयास सांगितले आणि काही वस्तू नुसत्या पाहावयास सांगितल्या. दुसऱ्या दिवशी छायाचित्र घेतलेल्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. मात्र ज्यांनी वस्तूचा एखादा भाग जवळ आणून टिपला, त्यांच्या स्मृतीत ही घट दिसली नाही, आणि विशेष असे की त्या वस्तूचा न टिपलेला भागही त्यांना तितकाच स्मरत होता. दोष यंत्राचा असता तर दोन्ही बाजूंना सारखाच दिसला असता. फरक पडला तो लक्षाचा.

अजिंठ्याच्या भिंतींचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल यांची तेथील चित्रांच्या नकला करण्याच्या कामी नेमणूक केली, आणि त्या अधिकाऱ्याने पुढली अनेक वर्षे त्या अंधुक लेण्यांत बसून एकेका आकृतीची तैलरंगात नक्कल उतरवली. त्यांतल्या बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम नव्याने हाती घेतले, आणि त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत नष्ट झाल्या. अस्सल चित्रे, झिजलेली आणि खपले पडलेली का होईनात, वाघूर नदीच्या त्या घळीत अजून आहेत. या हानीचे दुःख कोणासही व्हावे. पण ज्या माणसाने एका पद्मपाणीच्या भुवईसमोर दिवसच्या दिवस घालविले, त्याचे पाहणे त्या आगीत जळाले असे मात्र मला म्हणवत नाही. आणि हेच गिल हाती कॅमेराही धरीत. त्यांनी घेतलेली छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. म्हणजे यंत्र आणि प्रणिधान यांचे हाडवैर आहे, असे मानण्याचे कारण नाही.

मग प्रश्न उरतो तो यंत्राच्या मर्यादेचा, आणि येथे जैन आचारशास्त्राइतकी सूक्ष्म मदत मला अन्यत्र सापडलेली नाही. वस्तुमात्राचा त्याग केलेल्या दिगंबर मुनीजवळही तीन वस्तू असतात: जीवजंतूंना इजा न करता बाजूला सारण्यासाठी मोरपिसांची पिच्छी, शुद्धीसाठी कमंडलू, आणि स्वाध्यायासाठी शास्त्रग्रंथ. यांना संयमाचे, शौचाचे आणि ज्ञानाचे उपकरण म्हणतात. परिग्रह म्हणत नाहीत. उमास्वातींनी परिग्रहाचे लक्षण वस्तूत ठेवलेच नाही. ते मनाच्या मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत ठेवले. मुनीचे वस्त्र उपकरण की परिग्रह, यावर दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात शतकानुशतके वाद चालला. तो क्षुल्लक गोष्टीवरचा वाद होता असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या घरातील एकेक वस्तू हाती घेऊन हा प्रश्न स्वतःस विचारून पाहावा. अजिंठ्याहून सुमारे शंभर किलोमीटरवर वेरूळची जैन लेणी आहेत. तेथे पायांना वेली वेढलेला निश्चल बाहुबली पाहताना हा वाद ग्रंथातून उठून समोर येतो.

प्रवाशाचा कॅमेरा ज्ञानाचे उपकरण राहील अशा बेताने निवडावा, एवढेच मला सांगावयाचे आहे, आणि किफायत व सुलभता हे दोन गुण मी याच अर्थाने घेतो. किंमत अशी असावी की हरवल्यास हळहळ वाटावी, पण उरलेली यात्रा नासू नये. ज्या यंत्रासाठी मनुष्य लेण्याच्या दारात उभा राहून आधी पिशवी चाचपतो, त्याने आपल्या मालकाचे लक्ष आधीच ताब्यात घेतलेले असते. सुलभता म्हणजे नाना करामतींची खैरात नव्हे. कळ दाबल्याबरोबर यंत्र जागे व्हावे, प्रकाशाचे गणित त्याने आपले आपण करावे, दृश्य जवळ आणण्याची कळ बोटाला न पाहता सापडावी, आणि वजन पाव किलोच्या आत असावे. यापलीकडे यात्रेकरूला फारसे काही लागत नाही. ज्यात हे सारे आहे असा मोबाइल बहुतेकांच्या खिशात असतोच, हे खरे. परंतु त्या एका यंत्रातून घर, कचेरी आणि बाजार हे सारे गाभाऱ्यापर्यंत सोबत येतात, आणि एकच काम करणाऱ्या साध्या कॅमेऱ्याचे मोल मला त्यामुळेच अधिक वाटते.

तांत्रिक बाजूही याच कसोटीवर तपासता येते. विक्रेते मेगापिक्सेलचा आकडा पुढे करतात. वस्तुतः सहा इंच बाय चार इंचांचा उत्तम कागदी ठसा काढावयास दोन मेगापिक्सेलहून थोडे अधिक पुरतात, आणि बारा मेगापिक्सेलमध्ये भिंतीवर टांगण्याजोगे चित्र सहज निघते. आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो प्रकाश झेलणाऱ्या सेन्सरचा आकार. स्वस्त लहान कॅमेऱ्यांत तो बहुधा सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असतो; एक इंची म्हणून विकला जाणारा सेन्सर तेरा बाय नऊ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे चौपट. अजिंठ्यात रंगांच्या रक्षणासाठी फ्लॅशला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे तेथील मंद उजेडात हा चौपटीचा फरक डोळ्यांना दिसतो. सोनीचा आरएक्स१०० हा २०१२ साली आलेला कॅमेरा अशा सेन्सरचा आणि बॅटरीसह २४० ग्रॅम वजनाचा आहे. त्याची पहिली आवृत्ती जुन्या मालाच्या बाजारात मिळाली, तर खातरजमा करून घेण्यास हरकत नाही. ज्यांना केवळ घाटमाथे, समुद्र आणि सोबती टिपावयाचे आहेत, त्यांना लहान सेन्सरचा कॅमेराही उत्तम काम देईल. डिजिटल झूम म्हणजे केवळ कातरून फुगवलेले चित्र. ऑप्टिकल झूम आणि हाताचा कंप सावरणारी योजना या दोहोंची मात्र चौकशी अवश्य करावी.

कोणी म्हणेल, छायाचित्र काही केवळ स्वतःसाठी नसते. ज्या वृद्धेचे गुडघे लेण्यांच्या पायऱ्या चढू देत नाहीत, तिच्यासाठी मुलाने आणलेले चित्र हेच दर्शन. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, इतकेच नव्हे, तर छायाचित्रणाचे सर्वांत निर्मळ समर्थन मला त्यात दिसते. मात्र त्या माउलीसाठी चित्र घ्यावयाचे तर तिला काय पहावेसे वाटेल याचा विचार करीत उभे राहावे लागते. पद्मपाणीच्या हातातले निळे कमळ, छतावरची फळे आणि हंस, स्तंभावरची नक्षी यांतून तिच्यासाठी काय निवडावे, हे ठरविणाऱ्याचा डोळा आपोआप स्थिर होतो. दुसऱ्याला देण्यासाठी पाहणे हेही प्रणिधानच आहे.

जैन गृहस्थाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे परिग्रह-परिमाणाचे आहे. सर्वत्यागाची अपेक्षा त्याच्याकडून नाही. आपल्या संग्रहाची सीमा त्याने स्वतः, आणि आधीच, घालून घ्यावी एवढीच आहे. १८८८ साली बाजारात आलेल्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर चित्रांची फीत भरलेली असे, आणि ती संपली की मर्यादा आपोआप पडे. आज बत्तीस गिगाबाइटच्या एका कार्डावर बारा मेगापिक्सेलची काही हजार चित्रे मावतात, तेव्हा ती मर्यादा यंत्राने घालण्याची आशा उरलेली नाही. म्हणून निघण्यापूर्वीच आकडा ठरवावा, तो प्रत्येकाने आपल्या प्रकृतीप्रमाणे ठरवावा, आणि लेण्यात शिरल्यावर कॅमेरा काही वेळ गळ्यातच राहू द्यावा; डोळे अंधाराला सरावून भिंतीवरचे रंग उलगडावयास तसाही काही अवधी लागतोच.