पेरायला सगळे, तोडायला कोणी नाही

परसबागेच्या तुकडीतले सगळे इकडे या. वाफ्याभोवती उभे राहा. कडेवर पाय देऊ नकोस रे, ती माती तुडवायला नाही चढवली. आता वाका आणि एकेक शेंग हातात घेऊन बघा.

गणपतीची सुट्टी लागली तेव्हा ही चवळी कोवळी होती, कटकन मोडत होती. आज शेंगा फुगल्यात, पिवळ्या पडल्यात, सालीवर काळे डाग आलेत. ही मी सोलून दाखवते. दिसलं? दाण्याला शेंगेतच मोड आलाय. पावसात भिजत राहिली की असंच होतं. आता ही भाजीला चालत नाही आणि बियाण्यालाही चालत नाही. पोषण आहारात चवळी येते ती गोणीतून, वाळलेली. हिरव्या शेंगेची भाजी पोरांच्या ताटात पडावी म्हणून आपण हा वाफा केला. मावशींनी त्यासाठी खोबरंसुद्धा आणून ठेवलं होतं. सहावीतली मुलं आज पुन्हा वरणभातच खाऊन उठली, ती तुमच्यामुळे.

सुट्टीच्या पाळीचा तक्ता माझ्या हातात आहे. संगमेश्वरला, माणगावला ज्यांच्या घरी गणपती बसतो त्यांना मी यातून आधीच वगळलं होतं, त्यांनी गावाला जायलाच हवं. खाली सह्या आहेत त्या इथे राहणाऱ्यांच्या. शाळेपासून चालत दहा मिनिटांवर तुमची घरं. फाटक उघडायला वॉचमनकाकांना मी सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, ‘बाई, कोणी फिरकलंच नाही.’ सही म्हणजे काय असतं ते नववीत आलेल्या मुलांना सांगावं लागतं, याचा मला फार राग आलाय.

जुलैत पेरणीच्या दिवशी मात्र जागा पुरत नव्हती. बी टोकायला पन्नास हात पुढे. फोटो काढले, घरच्यांना पाठवले. पेरणीला काय लागतं? इंचभर खोल टोकायचं, दोन रोपांत वीतभर आणि दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवायचं, झालं. चवळीचं खरं काम पेरल्यानंतर साधारण दीड महिन्याने सुरू होतं, आणि नेमके तेव्हाच तुम्ही गायब झालात.

मागे कोण म्हणालं, ‘चार शेंगा राहिल्या तर काय बिघडतं’? पुढे ये आणि नीट ऐक. झाड तुमच्या भाजीसाठी शेंग धरत नाही. त्याला बी करायचं असतं. एकदा शेंगेत बी पिकायला लागलं की झाडाची सगळी ताकद त्या बीकडे जाते. नव्या कळ्या गळतात, वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. आपण कोवळी शेंग वेळेवर काढली की झाड पुन्हा फूल काढतं. हा दांडा बघा, पानांच्या वर आलेला. टोकाला दोन शेंगा जोडीने लोंबतायत. त्यांच्यामध्ये या बारीक गाठी दिसतात ना, त्या पुढच्या कळ्या. शेंगा उतरवल्या असत्या तर त्याच दांड्यावर पुन्हा फूल आलं असतं. म्हणून फूल उमलल्यापासून आठ-दहा दिवसांत शेंग काढायची आणि दर दोन दिवसांनी वाफा फिरायचा. तुम्ही चार शेंगा सोडल्या नाहीत, पुढचे तीन तोडे घालवलेत.

आणि शेंग तोडतानाही ओढायची नाही. डाव्या हाताने दांडा धरायचा, उजव्या हाताने शेंग देठाशी मोडायची. सुट्टीआधी ज्यांनी तोडल्या त्यांनी दांड्यासकट ओरबाडल्या. ते मोडके दांडे अजून तसेच आहेत.

हा गादीवाफा कशासाठी चढवला ते कोणाला आठवतंय? १९७० साली शहर वसवायला सिडको आली. त्याआधी इथे भातखाचरं होती, मिठागरं होती, खाडीचा चिखल होता. त्यावर मुरूम आणि डबर टाकून, रोलर फिरवून ही जमीन केली. आपल्या मैदानात कुदळ मारली की ठणका बसतो. वर कोकणचा पाऊस. पाणी साचलं की चवळीची मुळं कुजतात, म्हणून विटांची कड करून फूटभर उंच लाल माती, शेणखत आणि भाताचं तूस भरलं. तुम्ही हट्ट धरला होता गच्चीचा. फूटभर ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जातं. माणसांच्या वावराची गच्ची साधारण दीडशे किलोच्या हिशोबाने बांधतात. तुम्हाला हे गणित येतं, पण ते करून बघण्याआधीच तुम्ही विटा वर न्यायला निघाला होता.

तुमच्यातले काही करावे, दारावे, सारसोळ्याचे आहात. घरी आजीला विचारा. भात कापला की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा, चवळी पेरणारी ती माणसं. त्यांच्या घरात हे शहाणपण अजून आहे आणि तुम्ही ते मोबाइलवर शोधता.

आता डाव्या हाताचा वाफा. पानं बघा, तळहाताएवढी, गर्द हिरवी. वेल कमरेपर्यंत. शेंगा मात्र नाहीतच. आपण लावली ती दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण सदाबहार’. ती आटोपशीर वाढते, तिला मांडवही लागत नाही. मग ही अशी का माजली? कोणीतरी घरून युरिया आणून टाकला. कोणी, ते मला कळलंय, नाव घेत नाही.

मी हे एक रोप उपटते. मुळांवर या गाठी बघा, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. एक नखाने फोडते. आत गुलाबी आहे. गुलाबी म्हणजे आतले रायझोबियम जिवाणू कामावर आहेत, हवेतला नत्र पकडून झाडाला देतायत. पेरणीआधी गुळाच्या पाण्यात जिवाणूसंवर्धन कालवून बियांना चोळलं आणि सावलीत वाळवलं, ते याचसाठी. आता युरियाच्या वाफ्यातलं रोप. गाठी जवळजवळ नाहीत. नत्र आयता मिळाला की झाड जिवाणूंना थारा देत नाही, नुसता पाला वाढवतं.

वक्तृत्व स्पर्धेत तुमच्यातल्या चौघांनी वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’वर भाषण केलं. टाळ्या घेतल्या. तो माणूस १८९६ साली अलाबामातल्या टस्कीगीला गेला तेव्हा कापसाने तिथली जमीन निःसत्त्व करून टाकली होती. त्याने गरीब काळ्या शेतकऱ्यांना शेंगदाणा लावा म्हणून सांगितलं, हे तुम्हाला पाठ आहे. चवळी लावा म्हणूनही सांगितलं, हीच चवळी, याच गाठींसाठी. मूळची आफ्रिकेची. गुलामांच्या व्यापाराबरोबर ती अमेरिकेत पोचली आणि तिथल्या दक्षिणेकडे आजही नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी-भात शिजतो. कार्व्हरवर पाच मिनिटं बोलता येतं आणि चवळीला युरिया घालू नये एवढं कळत नाही, तर ते पुस्तक तुम्ही वाचलेलं नाही, पाठ केलंय.

यापुढचं बोलताना मला आवाज चढवावा लागणार आहे. उजव्या वाफ्यावर काळा मावा आला होता. कोवळ्या शेंड्यांवर आणि शेंगांच्या देठांवर तो चिकटतो, गोड चिकटा सोडतो, मग मुंग्या त्याची राखण करतात. ते बघून कोणीतरी स्वयंपाकघरातला झुरळांचा फवारा आणून मारला. लहान मुलं खाणार आहेत त्या भाजीवर! तुमच्या हातून एखादी शेंग मावशींच्या पातेल्यात गेली असती तर? त्या वाफ्यावरची एकही शेंग कोणी तोंडात घालायची नाही. आज सगळ्या काढून पुरायच्या. त्याच फवाऱ्याने ढालकिड्याच्या अळ्याही मेल्या. करड्या, केसाळ दिसतात म्हणून त्या तुम्हाला घाण वाटल्या असतील. मावा खाणाऱ्या त्याच होत्या. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार झोत मारा, शेंडे बोटांनी चोळा. नाहीच आवरला तर पाच टक्के निंबोळी अर्क. यापलीकडे काही आणायचं असेल तर आधी मला विचारायचं.

उन्हाळी पिकाचं बियाणं ठेवलेली ही बरणी. प्रत्येक दाण्याला गोल भोक, बुडाशी पीठ. हा भुंगा शेतातूनच येतो, शेंगेवर अंडी घालतो. दाणा कडक उन्हात वाळवायचा होता, दाताखाली कट्ट आवाज यायला हवा होता. तुम्ही अर्धवट वाळलेलं भरून मोकळे झालात. पुढच्या वेळी नीट वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवायचं, मग कपाटात.

रडू नकोस. डोळे पूस आणि टोपली घे.

मधल्या दोन वाफ्यांवर झाडं अजून हिरवी आहेत. पिकलेल्या शेंगा आज सगळ्या उतरवा, खराब पानं काढा, पंधरवड्यात ती पुन्हा फुलावर येतील. फूल बघायचं असेल तर सकाळी शाळेत येता येता बघा, दुपारपर्यंत ते मिटतं. शेंगा तोडायच्या त्या मधल्या सुट्टीत, पानं निथळल्यावर. ओल्या पानांत हात घातला की एका झाडाचा रोग दुसऱ्यावर जातो. निरोगी तीन झाडांना लाल दोरा बांधा, त्यांच्या शेंगा बियाण्यासाठी झाडावरच वाळू द्यायच्या, त्यांना हात लावायचा नाही. हंगाम संपला की झाडं उपटायची नाहीत, जमिनीलगत कापायची आणि मुळं वाफ्यातच ठेवायची, त्यावर मेथी घेऊ.

तोडणीचा नवा तक्ता फळ्याशेजारी लावलाय. दिवाळीच्या सुट्टीचे रकानेही आजच आखलेत. कोण कुठे जाणार ते घरी विचारून या आणि मगच सही करा.